जी६पीडी: शुगरच्या चाचणीतले एन्झाइम तुमच्या रक्तात पुरेसे आहे का?

समजा, बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पावसाळ्यात एका तरुणाला थंडी वाजून ताप येतो. रक्त तपासल्यावर व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया निघतो आणि गोळ्या सुरू होतात. दोन दिवसांत ताप उतरतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात आणि चार पावले चालले तरी दम लागतो. घरच्यांना वाटते, मलेरियाची कावीळ झाली. कोणी झाडपाल्याचे औषध सुचवतो, कोणी पथ्य सांगतो आणि मलेरियाची राहिलेली गोळी रोज चालूच राहते.

इथे त्रासाचे मूळ यकृतात नसून रक्ताच्या लाल पेशींत असू शकते. त्या पेशींत एक एन्झाइम जन्मापासूनच कमी असले, तर ठरावीक औषधांनी पेशी भराभर फुटतात. या एन्झाइमचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, थोडक्यात जी६पीडी. हेच एन्झाइम मोठ्या प्रयोगशाळांमध्ये तुमची रक्तातली साखर मोजण्यासाठीही वापरले जाते. त्यामुळे रिपोर्टवर किंवा लॅबच्या यादीत हे नाव दिसले की रुग्णांचा गोंधळ होतो. या लेखात दोन्ही बाजू समजून घेऊ.

जी६पीडी शरीरात काय करते?

आपण खाल्लेल्या भाकरी-भातातून ग्लुकोज तयार होते आणि रक्तातून प्रत्येक पेशीत पोहोचते. पेशीत शिरताच त्याला फॉस्फेटचा एक तुकडा जोडला जातो. पुढे बहुतेक ग्लुकोज ऊर्जा देणाऱ्या मुख्य रस्त्याने जाते. थोडे ग्लुकोज मात्र एका फाट्यावरून दुसऱ्या रस्त्याला लागते. त्या फाट्यावरचे पहिले काम जी६पीडी करते.

या दुसऱ्या रस्त्यावर एनएडीपीएच नावाचा पदार्थ तयार होतो. त्याच्या मदतीने पेशीतले ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन पुन्हा पुन्हा ताजे होते. लोखंडाला गंज चढतो तशीच झीज आपल्या पेशींचीही होत असते. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशींवर हा मारा जास्त असतो आणि ग्लुटाथायोन त्यांना वाचवते.

शरीरातल्या इतर पेशींकडे एनएडीपीएच तयार करण्याचे आणखीही मार्ग असतात. लाल पेशीकडे हा एकच मार्ग आहे. शिवाय लाल पेशीत केंद्रक नसल्यामुळे तिला नवे एन्झाइम बनवता येत नाही. जन्मताना मिळालेल्या साठ्यावर तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. ज्यांच्यात हा साठा मुळात कमी असतो, त्यांच्या पेशी एरवी नीट चालतात. एखादे औषध, रसायन किंवा मोठा संसर्ग यांचा ताण आला की त्या फुटतात. सर्वात आधी फुटतात त्या जुन्या झालेल्या पेशी.

प्रयोगशाळेत त्याचा उपयोग कसा होतो?

रक्तातली साखर मोजण्याची हेक्झोकायनेज पद्धत अचूक मानली जाते. त्यात दोन एन्झाइम एकापाठोपाठ काम करतात. हेक्झोकायनेज ग्लुकोजला फॉस्फेट जोडते. मग जी६पीडी पुढची क्रिया करते आणि त्यात एनएडीएच किंवा एनएडीपीएच तयार होते. हा पदार्थ ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. ग्लुकोज जितके जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. यंत्र तो मोजते आणि रिपोर्टवर आकडा येतो.

लॅबच्या बाटलीतले हे एन्झाइम माणसाच्या रक्तातून काढलेले नसते. ते बहुधा ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूपासून मिळवतात. इडलीचे पीठ आंबवून फुगवणाऱ्या जिवाणूंमध्ये हा एक प्रमुख जिवाणू आहे. स्नायूंची इजा ओळखण्यासाठी केली जाणारी सीके ही चाचणी आणि रक्तातल्या काही औषधांची पातळी मोजणाऱ्या चाचण्या यांतही जी६पीडी वापरतात. अनेक छोट्या लॅबमध्ये साखर मोजायला ग्लुकोज ऑक्सिडेज हे वेगळे एन्झाइम असते. तीही पद्धत चांगली आहे.

यातून रुग्णाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, तुमच्या रक्तात जी६पीडी कमी असले तरी उपाशीपोटीच्या किंवा जेवणानंतरच्या साखरेचा आकडा त्यामुळे चुकत नाही, कारण चाचणीसाठी लागणारे एन्झाइम बाटलीतून येते. दुसरी, साखरेची चाचणी झाली म्हणजे तुमचे जी६पीडी तपासले गेले असे होत नाही. ती चाचणी वेगळी सांगून करावी लागते.

कमतरता कोणाला होऊ शकते?

जगात ४० कोटींहून अधिक लोकांमध्ये ही कमतरता असल्याचा अंदाज आहे. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ती जास्त आढळते, कारण ही कमतरता मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण देते. महाराष्ट्रात ती नवी नाही. मुंबईतल्या संशोधकांनी १९६० च्या दशकातच तिचा अभ्यास सुरू केला होता आणि पारशी समाजात तिचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले होते. या एन्झाइमच्या एका बदललेल्या प्रकाराला तर आपल्या कल्याण शहराचे नाव आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळलेल्या या प्रकाराची नोंद ‘जी६पीडी कल्याण’ अशी झाली. देशातल्या अनेक आदिवासी समाजांतही ही कमतरता दिसते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तिची आठवण ठेवणे गरजेचे आहे. पण ती कोणत्याही जाती-धर्माच्या माणसात असू शकते.

या एन्झाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्यात एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. त्यामुळे कमतरता मुलग्यांमध्ये जास्त दिसते. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याला कमतरता असण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना कमतरता असेल, तर त्यांच्याकडून ती मुलग्यांकडे जात नाही, पण सगळ्या मुली वाहक होतात.

म्हणून घरातला इतिहास विचारताना आईच्या माहेराकडे नीट पाहा. मामा किंवा मावसभाऊ यांना कधी औषधानंतर काळी लघवी झाली होती का? लहानपणी रक्त चढवावे लागले होते का? आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे. भाचा आणि मामा दोघांनाही कमतरता असेल, तर अशा जोडप्याच्या मुलींमध्येही पूर्ण कमतरता येऊ शकते. यात आईचा किंवा सुनेचा कोणताही दोष नाही. डोळ्यांचा रंग जसा वारशाने येतो, तसाच हा वारसा आहे.

कोणती औषधे आणि वस्तू धोक्याच्या?

सर्वात महत्त्वाचे औषध म्हणजे मलेरियातील प्रायमाक्विन. १९५६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, या औषधाने ज्यांच्या लाल पेशी फुटतात त्यांच्यात जी६पीडी कमी असते. या आजाराची ओळखच अशी औषधामुळे पटली. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस देतात. औषध उपयोगाचे आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. म्हणून हा लेख वाचून स्वतःहून ते बंद करू नका. सुरू करण्यापूर्वी जी६पीडीची चाचणी करता येईल का, हे विचारा. कमतरता निघाली तरी मार्ग असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेच औषध आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे देता येते.

याशिवाय पुढील गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ किंवा वापरू नयेत:

• डॅप्सोन: कुष्ठरोगाच्या पाकिटात आणि त्वचेच्या काही आजारांत असते. अंगावरच्या चट्ट्यांसाठी उपचार सुरू असेल आणि धाप, फिकटपणा किंवा काळी लघवी दिसली, तर लगेच आरोग्य केंद्रात दाखवा. पर्यायी उपचार उपलब्ध असतो.

• नायट्रोफ्युरँटोइन: लघवीच्या जंतुसंसर्गावर वरचेवर दिले जाणारे औषध.

• मिथिलीन ब्लू आणि रासबुरिकेज: रुग्णालयात काही खास आजारांत वापरतात. दाखल होतानाच कमतरतेची कल्पना द्या.

• डांबर गोळ्या: कपड्यांत ठेवायच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये नॅप्थलीन असते. लहान मुलाने गोळी गिळली किंवा चघळली, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्या.

• बाकल्याच्या शेंगा व बिया: उत्तर भारतात ही भाजी खातात. कमतरता असलेल्यांनी ती टाळावी.

बाकल्याचे ऐकून घरातल्या सगळ्या डाळी बंद करू नका. त्रास देणारी द्रव्ये बाकल्यात असतात. तूर, मूग, हरभरा खायला हरकत नाही. नेहमीच्या मात्रेतली पॅरासिटामॉल चालते. लसीही सगळ्या द्याव्यात. खरे तर ताप आणि जंतुसंसर्ग यांमुळेही पेशी फुटू शकतात, त्यामुळे या मुलांना लसीकरण जास्तच गरजेचे आहे.

नवजात बाळाची कावीळ

जन्मानंतर पुष्कळ बाळांना थोडी कावीळ होते आणि ती आपोआप कमी होते. जी६पीडी कमी असलेल्या बाळात ती वेगाने वाढू शकते. वेळेत उपचार झाले नाहीत, तर पिवळा पदार्थ मेंदूत साठून कायमचे अपंगत्व किंवा बहिरेपणा येऊ शकतो. यातली अडचण अशी, की आई आणि बाळ दोन-तीन दिवसांत घरी जातात आणि कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते. म्हणजे धोक्याच्या दिवसांत बाळ घरी असते.

बाळाला रोज दिवसाच्या उजेडात, उघड्या अंगाने पाहा. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, बाळ दूध ओढेनासे झाले, फार सुस्त झाले, कर्कश रडू लागले किंवा अंग मागे ताणू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करा. कोवळ्या उन्हात धरणे हा या काविळीवरचा उपचार नाही. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार सोपा आणि परिणामकारक आहे, फक्त तो वेळेवर मिळाला पाहिजे.

बाळंतपणात घरच्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आजीने हौसेने जपलेली दुपटी, टोपडी, कुंच्या ट्रंकेतून निघतात आणि त्यांना डांबर गोळ्यांचा वास असतो. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या कधीच ठेवू नका. तसेच बारशाला बाळाच्या हातापायांना मेंदी लावू नका. कमतरता असलेल्या बाळांमध्ये मेंदीमुळेही लाल पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत.

आईचे दूध मात्र सुरूच ठेवा. बाळाला कमतरता असेल, तर आईने कोणतेही औषध घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण काही औषधे दुधातून बाळापर्यंत जातात.

मधुमेह असेल तर एचबीए१सी फसवू शकते

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी लाल पेशींवर अवलंबून असते. पेशी रक्तात जितके दिवस राहते, तितकी साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटते. जी६पीडीच्या कमतरतेत पेशी लवकर संपत असतील, तर साखर चिकटायला वेळच कमी मिळतो. मग आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

एक उदाहरण घेऊ. एचबीए१सी ६ टक्के असेल, तर सरासरी साखर साधारण १२६ असायला हवी. पण घरच्या मीटरवर उपाशीपोटी १६० आणि जेवणानंतर २४० येत असेल, तर दोन्ही आकडे जुळत नाहीत. अशा वेळी ‘तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून गोळ्या कमी करणे धोक्याचे ठरते. दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, घरी मीटरवर ठेवलेली नोंद आणि गरज पडल्यास फ्रुक्टोसामिन ही चाचणी यांवरून खरे चित्र कळते. रक्तक्षय, सिकलसेल किंवा नुकतेच रक्त चढवलेले असणे यांमुळेही एचबीए१सीचा आकडा बदलू शकतो.

चाचणी कशी आणि कधी करावी?

चाचणी दोन प्रकारची असते. पहिलीत फक्त ‘कमतरता आहे किंवा नाही’ एवढे कळते. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात. एन्झाइम असेल तर ठिपका चमकतो. काही लॅबमध्ये निळ्या रसायनाचा रंग जातो की नाही, हे पाहतात. दुसऱ्या प्रकारात एन्झाइमचे प्रमाण मोजून, हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममागे किती युनिट, असा आकडा देतात. स्त्रियांसाठी ही मोजणारी चाचणी जास्त उपयोगाची आहे. वाहक स्त्रीमध्ये काही पेशी चांगल्या आणि काही कमजोर असतात, त्यामुळे पहिल्या चाचणीत तिची कमतरता सुटून जाऊ शकते.

चाचणीची वेळ फार महत्त्वाची आहे. पेशी फुटण्याचा त्रास चालू असताना जुन्या, कमजोर पेशी संपलेल्या असतात आणि रक्तात नव्या, एन्झाइमने भरलेल्या पेशी आलेल्या असतात. त्यामुळे रिपोर्ट चुकून ‘नॉर्मल’ येऊ शकतो. रक्त चढवल्यानंतरही असेच होते, कारण तेव्हा दात्याच्या पेशी तपासल्या जातात. त्या काळातला नॉर्मल रिपोर्ट अंतिम मानू नका. साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा. तोपर्यंत कमतरता आहे असे समजूनच औषधे घ्या.

तालुक्याच्या लॅबमध्ये ही चाचणी बहुधा होत नाही आणि नमुना मोठ्या शहरात पाठवला जातो. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. एन्झाइम उष्णतेने निकामी होते. मे महिन्यात मलकापूर-शेगावकडे पारा ४० च्या वर असतो. अशा वेळी नळी एसटीच्या पार्सलमध्ये दिवसभर उघडी पडून राहिली, तर नसलेली कमतरता रिपोर्टमध्ये दिसू शकते. नमुना बर्फाच्या डब्यात, पण न गोठवता जाणार का, हे लॅबला विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सिकलसेलची तपासणी झाली आहे, मग ही कशाला?

विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. पण सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दोष आहे आणि जी६पीडी हे वेगळे एन्झाइम आहे. सिकलसेलच्या कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिले आहे म्हणून जी६पीडीही नॉर्मल असेल असे नाही. एकाच माणसात दोन्ही दोष असू शकतात. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त अचानक कमी झाले, तर डॉक्टरांना जी६पीडीबद्दलही विचारा.

त्रास झालाच तर काय करावे?

धोक्याच्या औषधानंतर एक ते तीन दिवसांत काळपट किंवा लालसर लघवी, डोळे पिवळे होणे, अंग फिकट पडणे, धाप, छातीत धडधड, पोट किंवा कंबर दुखणे यांपैकी काही दिसले, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच रुग्णालयात जा. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. तिथे हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम तपासतात, सलाईन देतात आणि गरज पडली तर रक्त चढवतात. त्रासाचे कारण दूर झाल्यावर नव्या पेशी तयार होतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ववत होतात. काविळीचे गावठी औषध देण्यात घालवलेले दोन दिवस मात्र महागात पडू शकतात.

लक्षात ठेवा

जी६पीडीची कमतरता गोळ्यांनी भरून काढता येत नाही, पण तिच्यासाठी रोज औषधही घ्यावे लागत नाही. बहुतेक लोक शेती, नोकरी, खेळ, संसार सगळे इतरांसारखेच करतात. फक्त ती माहीत असावी लागते. चाचणीत कमतरता निघाली, तर रिपोर्टची प्रत जपून ठेवा. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर ‘जी६पीडी कमतरता’ असे ठळक लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मुलाच्या शाळेत आणि गावच्या आशाताईंनाही सांगून ठेवा. औषध लिहून देणारा डॉक्टर नवा असेल किंवा गोळ्या थेट मेडिकलमधून घेत असाल, तर हे वाक्य आधी सांगा: “मला जी६पीडीची कमतरता आहे, हे औषध चालेल का?”

हा लेख माहितीसाठी आहे. तुमचे किंवा बाळाचे औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. वर सांगितलेली काळी लघवी, कावीळ किंवा धाप दिसली, तर मात्र वाट पाहू नका.